टेपकाकांचा लॅपटॉप आणि उभा सोफा

टेप गळ्यातून काढत नाहीत. आंघोळीला काढत असावेत. मी विचारलेलं नाही.

कापड हातात आलं की आधी अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळतात. रंग नंतर बघतात.

टाचण्या तोंडात धरून बोलतात. आठ टाचण्या असतील तर नुसतं 'हं' आणि 'अंहं'. चार असतील तर वाक्य. तोंड रिकामं असेल तर समोरच्याने जपून राहावं.

खडू कानावर ठेवतात आणि घरभर शोधतात. शोधताना दुसरा सापडतो. तो दुसऱ्या कानावर ठेवतात.

कुणी वारल्याचं कळलं की क्षणभर डोळे मिटतात. मग म्हणतात, "चव्वेचाळीस छाती. डावा खांदा उतरता. भला माणूस होता."

वेळ घड्याळात सांगत नाहीत. "लॅपटॉप लागेपर्यंत ये" म्हणतात. म्हणजे एकोणीस मिनिटं. तेवढ्यात त्यांच्या दोन पँटींच्या खालच्या पट्ट्या दुमडून होतात.

नवीन काही शिवत नाहीत. फक्त अल्टर करतात. "नवं कुणीही शिवेल," म्हणतात.

हे टेपकाका. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. साहित्यात एम.ए. केलं आहे, म्हणून ते मला पंडितबाई म्हणतात. यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे दोन वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

त्यांचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. शिवणयंत्र, कापायचं टेबल, इस्त्री, आरसा आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर लॅपटॉप. घरात जायचं तर या खोलीतून बोळात जावं लागतं. बोळात सोफा आहे. तो उभा आहे. तीन वर्षांपूर्वी काकूंनी आणला तेव्हापासून एका हातावर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, भिंतीला टेकून उभा आहे. घरातली माणसं त्याच्या बाजूने पोट आत घेऊन जातात. पाहुण्यांना काकू सांगतात, "जरा सांभाळून. बसायची सोय व्हायचीय अजून."

सोफा उभा का आहे, याचं कारण लॅपटॉप.

बारा वर्षांपूर्वी काकांच्या लेकीने तो आणला. काकांकडे गिऱ्हाइकांच्या मापांच्या अकरा वह्या होत्या. लेकीने महिनाभराची रजा काढली आणि अकराच्या अकरा वह्या त्यात भरल्या. वह्या रद्दीत गेल्या. काका आधी चिडले, मग हरखले. नाव टाकलं की माप समोर! त्यांनी येईल त्याला ते दाखवायला सुरुवात केली. एकदा कुणीतरी विचारलं, "हे यंत्र किती दिवस टिकणार, काका?" काकांच्या तोंडात तेव्हा एकही टाचणी नव्हती. ते म्हणाले, "हा बंद पडेल त्या दिवशी मी दुकान बंद करीन!"

काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या मागे त्यांनी ते वाक्य लिहिलं. काकांची सही घेतली. तारीख घातली. लेकीची साक्ष घेतली.

ते पान काकूंच्या कपाटात साड्यांखाली आहे. मी पाहिलं आहे. सही टिपटॉप आहे.

तीन वर्षांपूर्वी लॅपटॉप पहिल्यांदा कण्हला. काकूंनी त्याच आठवड्यात सोफा आणला.

*

गोष्ट सुरू झाली मंगळवारी सकाळी. मी जिना उतरत होते. लॅपटॉपमधून आवाज येत होता. टक्. टक्. मग थोडी शांतता. मग पुन्हा टक्.

आतून काकू म्हणाल्या, "गेला का हो?"

"नाही."

"नाही, आवाज आला म्हणून विचारलं."

"खोकला तो. खोकल्याने कुणी जात नाही."

"बारा वर्षांचा खोकला आहे."

काकांनी लॅपटॉपला कान लावला. शिवणयंत्र बिघडलं की ते असाच कान लावतात. "आतलं काहीतरी फिरताना अडकतंय," म्हणाले. "पंडितबाई, इकडे ये. याला काय झालंय?"

मला लॅपटॉपमधलं काही कळत नाही. पण एवढं मलाही माहीत होतं. माहिती ठेवायची डिस्क आतमध्ये फिरत असते. ती असे आवाज करायला लागली की दिवस भरले. मी म्हटलं, "काका, नवा घेऊन टाका ना."

काकांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. मी मोजल्या. पाच.

"तुझ्या या कोटाच्या कोपराला मी अस्तर लावलं, तेव्हा मी म्हटलं का, नवा घेऊन टाक?"

"नाही."

"कॉलर उलटी करून दिली, तेव्हा म्हटलं?"

"नाही, काका."

"मग?"

त्यांनी खालच्या खणातून एक पुस्तिका काढली. लॅपटॉपसोबत आलेली. बारा वर्षं खणात होती, एकही पान दुमडलेलं नव्हतं. "तू सहाशे पानी कादंबऱ्या वाचतेस. हे चौऱ्याण्णव पानी आहे. वाच आणि सांग, यात माया किती सोडलीय."

माया म्हणजे कपडा शिवताना शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड. पुढे माणूस सुटला की ते उसवून कपडा मोठा करता येतो. हे मला त्यांनीच पूर्वी सांगितलं होतं.

मी जिन्यात बसून पुस्तिका वाचली. नायक नव्हता. बांधणी घट्ट होती. तासाभराने खाली आले.

"काका, आत मेमरीचे दोन खण आहेत. सध्या प्रत्येकात दोन जीबीची पट्टी आहे. चारची बसते. म्हणजे एकूण आठ. त्याच्या वर नाही."

"सोळाची घातली तर?"

"हा ओळखणार नाही."

"म्हणजे माया आठपर्यंत. तेवढंच उसवायचं." त्यांनी मान हलवली. "आणि ती खोकणारी डिस्क?"

"ती काढून नवी बसते. हल्ली न फिरणारी मिळते. पण चपटी, जुन्या आकाराची हवी. ते नवीन काडीसारखं असतं ना, त्याला यात जागाच नाही."

काका खूश झाले. मीही झाले. एम.ए. झाल्यापासून माझ्या वाचनाचा असा ताबडतोब उपयोग कुणी केला नव्हता.

एक गोष्ट मी सांगितली नाही, कारण मला ती माहीत नव्हती. पान एकसष्टवर विजेचं एक लांबलचक कोष्टक होतं. ते मी चाळून पुढे गेले. लांब वर्णनं गाळायची माझी सवय जुनी आहे.

*

काकांनी लॅपटॉप उघडला. तो प्रकार मी तोंड उघडं टाकून पाहिला.

टेबलावर काळं कापड अंथरलं. लॅपटॉप उलटा ठेवून त्याच्याभोवती खडूने रेघ मारली. मग जो स्क्रू जिथून निघेल, तो कापडावर त्याच जागी ठेवला. कागदी कटिंग मांडतात तसा. तेरा स्क्रू निघाले. चौदावा निघेना, कारण दिसेना. काकांनी डोळे मिटून बोटं फिरवली. रबराच्या पायाखाली तो लपला होता. "चोरशिलाई," म्हणाले.

मेमरीची पट्टी काढली आणि गळ्यातली टेप सोडली. लांबी घेतली. रुंदी घेतली. पट्टीला खाली एक खाच असते. ती डाव्या कडेपासून किती दूर आहे, तेही घेतलं. सगळं तळहातावर लिहिलं.

"काका, मॉडेल नंबरही लिहून घ्या ना."

"नंबर कशाला? माप आहे ना."

बुधवारी आम्ही कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदार टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर.

"बोला काका."

"मेमरी. दोन पट्ट्या."

"किती?"

"सहा सेंटिमीटर साडेसात मिलीमीटर."

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला. "जीबी किती, जीबी?"

"ते ही सांगेल. शिकलेली आहे."

"चार-चारच्या दोन," मी म्हटलं.

त्याने एक पट्टी ठेवली. काकांनी शेजारी जुनी ठेवली. टेप लावली. "दोन मिलीमीटर मोठी आहे."

"असेल. नवीन माल आहे."

"आणि काज सरकलंय."

"काय सरकलंय?"

"काज." काकांनी खाचेवर बोट ठेवलं. "याचं बटण दुसरीकडे आहे. हे लागायचं नाही."

दुकानदाराने दोन्ही पट्ट्या दिव्याखाली धरल्या. मग काकांकडे पाहिलं. मग गळ्यातल्या टेपकडे. "बरोबर बोललात. ही पुढच्या पिढीची आहे. तुमच्यात नाही बसायची. कसलं काम करता?"

"कपड्यांचं."

"हं," तो म्हणाला आणि आत जाऊन जुन्या पिढीची जोडी घेऊन आला. माप जुळलं. काज जुळलं. काकांनी मान हलवली.

मग डिस्क. त्याने न फिरणारी, चपटी डिस्क पुढे केली. "अडीच इंची आहे. जुन्या सगळ्यांत हीच बसते."

काकांनी टेप लावली. रुंदी पावणेतीन इंच. लांबी जवळजवळ चार. "अडीच कुठेय?"

"तसं म्हणतात हो तिला."

"कुठूनही अडीच भरत नाही."

"काका, सगळं जग अडीच म्हणतं."

"मी चाळीसची पँट अडतीसची म्हणून दिली तर?"

दुकानदार हात जोडायच्या बेतात आला. मी मध्ये पडले. जुनी डिस्कही काकांनी काढून पिशवीत आणली होती. तिलाही टेप लावली. तीही पावणेतीन भरली. काकांनी टेप पुन्हा गळ्यात घातली. दोन्ही वस्तू पिशवीत गेल्या. बाहेर पडताना मात्र वळून म्हणाले, "जगाचं माप कुणीतरी एकदा घ्यायला हवं."

*

गुरुवारी दुपारी काकांनी नव्या पट्ट्या बसवल्या. खट्कन बसल्या. जुनी डिस्क परत तिच्या जागी बसवली होती. आधी मेमरी, मग डिस्क, असं आमचं ठरलं होतं. काकांनी बटण दाबलं.

दिवा लागला. पंखा फिरला. पडदा काळा.

एक पँट झाली. पडदा काळा. दुसरी झाली. पडदा काळाच.

बोळातून चर्र असा आवाज आला. प्लॅस्टिक फाटल्यासारखा.

"काय करतेयस गं?" काका ओरडले.

"काही नाही. धूळ बसलीय सोफ्यावर. पुसते जरा."

"अजून काही झालेलं नाही!"

"मी कुठे म्हणतेय झालंय म्हणून? पुसतेय मी."

मग काकू दारात आल्या. हातात कॅलेंडरचं पान होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं नाही, नुसतं पदराने वारा घेतात तसं घेतलं त्याने. म्हणाल्या, "रविवारी दहा वाजता दोन हमाल येणारेत. मी आपलं सांगून ठेवलंय. तोवर हा चांगला धडधाकट चालला, तर पान मी स्वतःच्या हाताने फाडते. नाही चालला, तर पुढची खोली माझी. कबूल?"

काका काही बोलले नाहीत. त्यांचं तोंड रिकामं असूनही. ते पाहून मला खरंच भीती वाटली. दुकान म्हणजे त्यांचा दिवस होता. ते सकाळी उठून दुसरीकडे कुठे जातील, हे मला डोळ्यांसमोर आणता येईना.

त्यांनी पट्टी बाहेर काढली. टेप लावली. बरोबर. पुन्हा लावली. बरोबर. मग नकळत ती अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळली.

आणि थांबले.

"पंडितबाई."

"काय काका?"

"अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी कापड न चाचपता घेतलं." त्यांनी जुनी पट्टी माझ्या हातात दिली. "यावर काय लिहिलंय ते वाच. सगळं वाच. गाळू नकोस."

ते शेवटचे दोन शब्द मला लागले. मी सगळं वाचलं. जुन्या पट्टीवरच्या लांब नंबरात एक अक्षर होतं, जे नव्या पट्टीवर नव्हतं. मी पुस्तिका उघडली. पान एकसष्ट. विजेचं कोष्टक. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: या लॅपटॉपला फक्त कमी दाबाच्या विजेवर चालणारी मेमरी चालते. नेहमीची घातली तर ती बसेल, पण लॅपटॉप सुरू होणार नाही.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आवाज थोडा खाली घेऊन.

"हे मंगळवारी होतं का त्यात?"

"होतं."

काकांनी पुस्तिका मिटली. मग म्हणाले, "तुझं वाचन चुकलं, माझं चाचपणं चुकलं. दोघांनी मिळून एक सदरा बिघडवला." आणि हसायला लागले. मला मात्र हसू येईना.

जुन्या पट्ट्या परत घातल्या. एकोणीस मिनिटांनी पडदा उजळला. माझा जीव भांड्यात पडला. बोळात काकूंनी प्लॅस्टिकला चिकटपट्टी लावली. त्याचाही आवाज आला.

शुक्रवारी आम्ही पट्ट्या बदलायला गेलो. दुकानदार म्हणाला, "काय काका, माप चुकलं का?"

"माप नाही चुकलं. कापड चुकलं."

या खेपेला मी पुस्तिका सोबत नेली होती. पान एकसष्ट उघडून त्याच्यासमोर धरलं. काकांनीही पट्टी घेण्याआधी चोळून पाहिली. त्यातून त्यांना काय कळलं, देव जाणे. पण ती पट्टी चालली. लॅपटॉप अकरा मिनिटांत लागला. काकांची पहिली पँट पूर्ण झाली, दुसरी जेमतेम सुरू झाली होती.

टक् टक् मात्र वाढली होती.

*

शनिवारी सकाळी नऊला जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायला घेतलं. एका केबलने नवी डिस्क बाहेरून जोडली. पडद्यावर टक्के दिसू लागले. शून्य. एक. एक. एक.

अडचण अशी होती. लॅपटॉपची बॅटरी पाच वर्षांपूर्वीच मेली होती. तो फक्त वायरवर चालायचा. वायर स्टुलावरून खाली उतरून, बोळाच्या दारातून, समोरच्या भिंतीतल्या प्लगपर्यंत जायची. बरोबर पावलांच्या वाटेत. कुणाचा पाय अडकला की लॅपटॉप बंद. आणि ही डिस्क आता एकदा बंद झाली की पुन्हा फिरेल, याची खात्री कुणी देत नव्हतं.

काकांनी शिवणयंत्रही बंद ठेवलं. हादरे नकोत. ते स्टुलासमोर बसून राहिले. हातात काम नाही, तोंडात टाचणी नाही. अठरा टक्के.

आणि मी पाहिलं, काकू पाय उचलून चालत होत्या.

त्या दिवसभर त्या दारातून गेल्या असतील तीसेक वेळा. पाणी घेऊन, धुणं घेऊन, चहाचे कप घेऊन. दर वेळी वायरपाशी आल्या की थांबायच्या. पदर खोचायच्या. आधी एक पाय, मग दुसरा. त्यांचे गुडघे दुखतात. जिना चढायला लागतो म्हणून त्या माझ्या खोलीत वर्षभरात आलेल्या नाहीत.

अकराच्या सुमारास एक गिऱ्हाईक आलं. बँकेतले साहेब. भारदस्त माणूस. पँट घ्यायला आले होते. ते सरळ काकांकडे निघाले आणि काकू किंचाळल्या, "वायर!"

साहेब एका पायावर थांबले. दुसरा पाय हवेत. श्वास धरलेला. मग तो धरवेना. पोट बाहेर आलं.

काका पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "बेचाळीस."

"चाळीस," साहेब म्हणाले.

"तुम्ही आत ओढून देता, साहेब. सात वर्षं मी दोन इंच मनाने वाढवतोय. मागे व्हा हळूच."

हे खरं होतं. मापांच्या पुढे काकांचा एक रकाना आहे, शेऱ्याचा. साहेबांच्या नावापुढे लिहिलं आहे: 'पोट आत ओढतात. दोन वाढवणे. बोलणे नाही.' माझ्या नावापुढेही शेरा आहे. मी एकदा चोरून वाचला. 'खांदे पाडून चालते. ताठ उभी राहील तेव्हा बाही आखूड होईल. तोवर ठीक.' तो वाचल्यापासून मी जिन्यात ताठ चालते. बाही खरंच आखूड होते.

दुपारी डिस्क एकाहत्तर टक्क्यांवर थांबली. टक्. टक्. टक्. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. काकांनी डोळे मिटले. ते कुणी वारल्यावर मिटतात तसे. मी तिथे उभी राहू शकले नाही. बोळात गेले. काकू सोफ्याला पाठ टेकून उभ्या होत्या.

मी हळूच विचारलं, "काकू, एक विचारू? तुम्ही दिवसभर एवढं जपताय. एक पाय लागला असता, तर सोफा आत आला असता."

"कळतंय मला."

"मग?"

काकूंनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "माझं माप आहे त्यात. लग्नाच्या आधी यांच्याकडे ब्लाउज सैल करायला घेऊन गेले होते मी. यांनी उलट घट्ट करायला सांगितलं. तेव्हाचं. पहिल्या वहीतलं." त्या सोफ्याचं प्लॅस्टिक उगाच सारखं करत राहिल्या. "चोवीस कंबर होती माझी. दुसरीकडे कुठे लिहिलेलं आहे ते? सांग बघू."

आतून काका ओरडले, "बहात्तर!"

काकू दचकल्या. "कुणाची?" म्हणाल्या. मग त्यांच्याही लक्षात आलं. आणि आम्ही दोघी त्या उभ्या सोफ्याला धरून हसलो.

चार वाजून दहा मिनिटांनी शंभर टक्के झाले.

काकांनी जुनी डिस्क काढली आणि नवी घातली. ती सैल बसली. जुनी जाड होती, ही अडीच मिलीमीटर पातळ. "अंगापेक्षा सदरा मोठा," काका म्हणाले. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात त्या बकरमचा तुकडा त्यांनी घेतला. चौकट कापली. एक पदर घातला, चाचपला. दुसरा घातला, चाचपला. डिस्क हलायची थांबली. चौदा स्क्रू कापडावरून आपापल्या भोकात परत गेले. बटण दाबलं. सवयीने पँट उचलली.

सुईत दोरा ओवून होण्याआधी लॅपटॉप लागला.

मी मोजलं होतं. चौदा सेकंद. काकांनी एक नाव टाकलं. माप आलं. शेरा आला. दुसरं टाकलं, तेही आलं. मग त्यांनी आणखी एक नाव टाकलं. ते मला दिसू दिलं नाही. पण पडद्यावर चोवीसचा आकडा मी पाहिला.

"चांगला आहे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, थोडं नाराज होऊन, "पण हा लागेपर्यंत सकाळचा चहा व्हायचा. तो आता कधी घ्यायचा?"

काकूंनी कॅलेंडरचं पान आणलं आणि त्यांच्यासमोर फाडलं. चार तुकडे केले. आत गेल्या. वायर लॅपटॉपला जोडलेलीच होती. सवयीने पाय उचलून गेल्या. काका त्या पायांकडे बघत होते.

*

रविवारी दहा वाजता हमाल आले. त्यांना नको सांगायला काकू विसरल्या होत्या.

"परत जा बाबांनो," काकू म्हणाल्या. "राहिलं ते."

"थांबा," काका म्हणाले. त्यांनी गळ्यातली टेप सोडली. बोळात जाऊन सोफ्याचं माप घेतलं. खोलीत येऊन दार आणि खिडकीमधल्या भिंतीचं घेतलं. तळहातावर लिहिलं. "सोफा शहात्तर इंच. भिंत बहात्तर. अगं, घरात टेप असताना अंदाजाने सोफा आणलास?"

"टेप तुमच्या गळ्यात होती. मागितली असती तर तुम्ही विचारलं असतं, कशाला."

"विचारलं असतं."

"मग?"

काकांनी कापायचं टेबल स्वतः ढकलायला घेतलं. हमालांनी शिवणयंत्र उचलून खिडकीखाली ठेवलं. आरसा दाराआड गेला. सोफा तीन वर्षांनी आडवा झाला.

मग काकांनी कानावरचा खडू घेतला आणि सोफ्याच्या उजव्या हातावर रेघ मारली. "हा हात चार इंची आहे. काढला की बसतो."

"सोफ्याचा हात काढणार?" काकू ओरडल्या. "नवा आहे तो!"

"म्हणून तर. नवा कुणालाही बसतो. आपल्याला बसवायचाय."

हात निघाला. उघड्या बाजूवर त्यांनी तेच कापड ओढून घेतलं, आत बकरम घातलं आणि पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घातले. सोफा भिंतीला बरोबर बसला. ना इंच कमी, ना इंच जास्त.

काम तिथेच थांबलं. त्याला आता चार महिने झाले.

काका म्हणतात, गिऱ्हाइकाने घालून पाहिल्याशिवाय मी पक्की शिलाई मारत नाही. आधी हिने बसून दाखवावं. काकू म्हणतात, अर्धवट सोफ्यावर मी बसणार नाही. आधी पुरा करा. दोघंही ऐकत नाहीत. पांढरे टाके लोंबतात. काका यंत्रावर असतात, काकू स्टूल घेऊन सोफ्याच्या शेजारी बसतात आणि भाजी निवडतात. पुढच्या खोलीत. गिऱ्हाइकांशी बोलत.

परवा काका चहा आणायला आत गेले होते. लॅपटॉप उघडा होता. यादीत शेवटी एक नवीन नोंद दिसली.

नाव: सोफा. लांबी: बहात्तर. उजवा हात: काढला. शेरा: ट्रायल बाकी.